गोळीमागचा फोन नंबर : '९९डॉट्स'चा प्रकरण अभ्यास

टीबीचं औषध सुरू झालं की दोन-तीन आठवड्यांत ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागायला लागते. पंचाईत इथूनच सुरू होते. औषध घ्यायचं असतं किमान सहा महिने: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. आता ही औषधं एकाच गोळीत एकत्र मिळतात, वजन बघून रोज दोन ते सहा गोळ्या. त्यांनी मळमळतं, सांधे धरतात, लघवी लालसर होते. इकडे अंगात ताकद परत आलेली, तिकडे मुकादम खाड्याचे पैसे कापतोय, आणि गोळ्या अशा की बरं वाटत असलेल्या माणसाला आजारी पाडतील. मग त्या सुटतात.

अर्धवट सोडलेल्या औषधाला जंतू सरावतात. २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचे चार रुग्ण जाहीर केले, तेव्हा जगभर खळबळ उडाली. त्या रुग्णांच्या बाबतीत दोष उलटसुलट औषधं लिहून देणाऱ्यांकडेही बराच जात होता, हे इथे सांगायला हवं. औषध नीट पोटात गेलं नाही की बोट पहिल्यांदा रुग्णाकडे दाखवायची आपल्याकडे पद्धतच आहे.

जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. एवढ्या लोकांनी रोज गोळी घेतली की नाही हे कळणार कसं, या एका प्रश्नाभोवती संगणक संशोधकांच्या एका गटाने बंगळुरूत केलेलं '९९डॉट्स' हे काम म्हणजे या लेखाचं प्रकरण. मानव-संगणक आंतरक्रिया, म्हणजे माणूस यंत्र कसं वापरतो आणि ते त्याला वापरायला सोपं कसं करायचं, या विषयात जी कामं भारतात झाली त्यांतलं हे मला सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. ते जिथे फसलं ती जागाही यशाइतकीच बघण्यासारखी आहे.

समोर बसून गिळायची गोळी

प्रश्न जुना आहे. १९५६ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून मद्रासला एक केंद्र काढलं. रुग्णाला सॅनेटोरियममध्ये ठेवलं काय आणि घरी ठेवून औषध दिलं काय, गुण सारखाच येतो, हे त्या केंद्राने १९५९ मध्ये दाखवलं. मिरज-पाचगणीच्या हवेवर विसंबलेल्या पिढीला ही केवढी मोठी बातमी असेल! पण माणूस घरी गेला की गोळ्यांचा भरवसा उरेना. त्यामुळे डोळ्यांदेखत गोळी गिळवायची पद्धतही याच केंद्राच्या कामातून आकाराला येत गेली.

१९९७ पासून सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रमाने ती 'डॉट्स' या नावाने भारतभर नेली. आठवड्यातून तीन दिवस केंद्रावर यायचं, कर्मचाऱ्यासमोर गोळ्या घ्यायच्या, कार्डावर खूण करून घ्यायची.

कागदावर सोपं आहे. पण समजा, गोवंडीतला एक माणूस भिवंडीच्या गोदामात माल चढवतो-उतरवतो. तो सकाळी साडेसहाला घर सोडतो आणि केंद्र उघडतं नऊला. केंद्रावर जायचं तर अर्धा दिवस बुडतो. रांगेत गल्लीतलं कुणीतरी बघतं, आणि घरात लग्नाची बहीण आहे. केंद्रावरच्या ताईंना हे सगळं कळतं. त्या पंधरा दिवसांच्या गोळ्या हातावर ठेवतात, "घरी घ्या दादा, पण न चुकता घ्या हं," म्हणतात, आणि कार्डावर सगळ्या खुणा करून टाकतात. ताईंनी माणुसकी दाखवली आणि दादांचा रोजगार वाचला, पण कार्ड खोटं झालं. यात कुणाचा लबाडीचा हेतू नव्हता. नियम पाळणं दोघांनाही परवडणारं नव्हतं, एवढंच.

बरं, समोर गिळायला लावल्याने जास्त माणसं बरी होतात का? वैद्यकीय चाचण्यांचे निकाल एकत्र करून तपासणाऱ्या 'कॉक्रेन' या संस्थेच्या पुनरावलोकनांनी हे अनेकदा तपासलं. घरी स्वतःहून औषध घेणाऱ्यांच्या तुलनेत ठळक फरक सापडला नाही.

आधी ठसा, मग पाकीट

विल्यम थीस, म्हणजे सगळ्यांचे बिल थीस, हे मूळचे कंपायलरवाले, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करणारे. एमआयटीत त्याच विषयावर पीएचडी करता करता २००८ मध्ये ते बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियात आले आणि कमी पैशांच्या, कमी शिकलेल्या लोकांना वापरता येईल अशा तंत्राकडे वळले. छत्तीसगडमध्ये साध्या फोनवरून बातमी सांगायची आणि ऐकायची 'सीजीनेट स्वर' ही सेवा उभी राहिली, तिच्या बांधणीत त्यांचा हात होता. २०१६ मध्ये त्यांना अमेरिकेतली मानाची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

टीबीच्या प्रश्नाला त्यांच्या गटाने पहिल्यांदा हात घातला तो दिल्लीतल्या 'ऑपरेशन आशा' या संस्थेबरोबर. केंद्रावर एक छोटा लॅपटॉप, त्याला बोटाचा ठसा घेणारं उपकरण आणि निरोप पाठवायला मोबाइल. रुग्ण आला की बोट टेकवायचं, हजेरी लागली. आला नाही तर कर्मचाऱ्याला एसएमएस. कार्डावरच्या खोट्या खुणांना यात जागा नव्हती आणि यंत्र चाललंही.

पण या यंत्राने काय सिद्ध केलं? माणूस केंद्रावर आला, एवढंच. त्याची पायपीट, त्याचा बुडालेला अर्धा दिवस, रांगेत दिसण्याची भीती यांतलं काहीच हललं नाही. संस्थेला हवी होती ती खात्री मिळाली, रुग्णाच्या दिवसात फरक पडला नाही. पुढचं काम समजून घ्यायचं तर हा टप्पा नजरेआड करून चालणार नाही. चांगला संशोधक अशा वेळी ठसे घेणारं उपकरण आणखी स्वस्त करण्यामागे वर्षं घालवू शकला असता, आणि त्यावर निबंधही छापून आले असते.

थीस आणि अँड्र्यू क्रॉस यांनी प्रश्नच फिरवला: माणसाने यायचंच कशाला? घरी घेतलेल्या गोळीची खबर घरूनच कळवता आली तर? त्यातून '९९डॉट्स' निघालं. डॉट्सचे ९९ टक्के फायदे अगदी थोड्या खर्चात, असा त्या नावातला दावा.

वस्तू म्हणून ते हातात घेऊन बघण्यासारखं आहे. गोळ्यांच्या पट्टीवर जाड कागदाचं वेष्टन चढवलेलं असतं. समोरून पट्टी नेहमीसारखीच दिसते. मागे, जिथून गोळी बाहेर पडते, तिथे कागदाला छिद्रांच्या रेघेने आखलेली झापड. अंगठ्याने गोळी दाबली की आधी चांदी फाटते, मग झापड सुटते आणि तोवर लपलेला फोन नंबर दिसतो. त्या नंबरावर आपल्या मोबाइलवरून फोन लावायचा. नंबर टोल-फ्री, पैसे पडत नाहीत, बोलावं लागत नाही. झालं काम.

गंमत नंबरांच्या क्रमात आहे. कोणत्या गोळीमागे कोणता नंबर निघेल हे रुग्णाला आधी ठाऊक नसतं. संगणकाला ते ठाऊक असतं, कारण पाकीट देताना ते कुणाला दिलं आणि त्या माणसाचा मोबाइल कोणता, हे दोन्ही नोंदवून ठेवलेलं असतं. म्हणजे ओळखीच्या मोबाइलवरून त्या दिवसाच्या अपेक्षित नंबरावर फोन आला, तर गोळी निदान पट्टीतून बाहेर पडली असं धरता येतं. ती तोंडात गेली की मोरीत, हे कळत नाही. तसा दावा कुणी केलेलाही नाही.

यात ॲप नाही, स्मार्टफोन लागत नाही, चार्जिंगची वेगळी वस्तू नाही. बटणांचा साधा फोन पुरतो. याच काळात औषधाची झाकणवाली इलेक्ट्रॉनिक पेटीही भारतात वापरून पाहिली गेली. पेटी उघडली की आपोआप नोंद होते, रुग्णाला काही करावं लागत नाही. नोंदीच्या दृष्टीने ती वरचढ, पण महाग, आणि दहा बाय दहाच्या खोलीत पाहुण्यांपासून लपवायला अवघड. कागदाचं वेष्टन घडी करून पिशवीत जातं.

मिस कॉलचा देश

ही कल्पना भारतात सुचावी यात नवल नाही. २००३ पासून मोबाइलवर येणारे फोन फुकट झाले आणि करायच्या फोनला पैसे पडत राहिले. तेव्हापासून आपण मिस कॉलवर सगळा संसार चालवला. "स्टँडवर उतरलो की मिस कॉल देतो", "गॅसवाला आला की मिस कॉल दे". एक मिस कॉल म्हणजे निघालो, दोन म्हणजे खाली ये. २०११ मध्ये अण्णा हजारेंच्या आंदोलनाने पाठिंबा नोंदवायला लोकांकडून मिस कॉलच मागितले. बंगळुरूच्या झिपडायल कंपनीने तर मिस कॉलवर धंदा उभारला आणि २०१५ मध्ये ती ट्विटरने विकत घेतली.

म्हणून हे तंत्र लोकांना नव्याने शिकवावं लागणार नव्हतं. वाचता न येणारी आजीसुद्धा आकडे बघून नंबर लावते. वापरणाऱ्याला आधीपासून येत असलेल्या गोष्टीवर रचना उभी करायची, हे आंतरक्रियेच्या पाठ्यपुस्तकात पहिल्या प्रकरणातच असतं. प्रत्यक्षात ते इतक्या काटेकोरपणे केलेलं क्वचित दिसतं.

मात्र ती सवय ज्या हिशेबावर उभी होती, तो हिशेबच पुढे बदलला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, बोलणं जवळजवळ फुकट झालं आणि मिस कॉल हळूहळू विसरला जाऊ लागला. ९९डॉट्सचा मोठा प्रसार नेमका याच वर्षांतला.

लाल चौकोनाचं काय करायचं

सुरुवातीला हे टीबी आणि एचआयव्ही दोन्ही असलेल्या, एआरटी (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या) केंद्रांवर येणाऱ्या रुग्णांसाठी वापरलं गेलं. रोजच्या गोळीची पद्धत त्यांना आधी लागू झाली होती. २०१७ च्या सुमारास देशभर आठवड्यातून तीनऐवजी रोज औषध द्यायचं ठरलं आणि समोर बसवून गिळवणं आणखीच अशक्य झालं. मग ९९डॉट्स सर्वसाधारण रुग्णांपर्यंत गेलं. ते चालवायला 'एव्हरवेल' ही वेगळी कंपनी निघाली आणि नोंदी टीबीच्या रुग्णांची माहिती ठेवणाऱ्या सरकारच्या 'निक्षय' पोर्टलला जोडल्या गेल्या. संशोधनातून निघालेली कल्पना सरकारी यंत्रणेत इतकी खोल जाणं दुर्मीळ आहे.

कर्मचाऱ्याच्या पडद्यावर प्रत्येक रुग्णाचं एक कॅलेंडर दिसतं. फोन आला की चौकोन हिरवा, नाही आला की लाल. ज्यांचे फोन येत नाहीत त्यांची यादी समोर येते आणि वेळ त्यांच्यावर घालवता येतो. पन्नास रुग्ण असलेल्या माणसाला पन्नासांच्या दारी जायची गरज नाही. ज्या चौघांचं कॅलेंडर लाल आहे त्यांच्याकडे गेलं की झालं. माझ्या मते ९९डॉट्सचा खरा उपयोग हाच.

तो उपयोग किती होतो, हे मात्र एका प्रश्नावर अवलंबून आहे: लाल चौकोन म्हणजे गोळी चुकली का? चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था आणि अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातले संशोधक यांनी मिळून याची तपासणी केली. चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईतल्या रुग्णांकडे ते न कळवता गेले आणि लघवीचा नमुना घेतला. आयसोनायझिड हे औषध गेल्या एक-दोन दिवसांत घेतलं असेल तर लघवीत सापडतं. मग ते फोनच्या नोंदीशी ताडून पाहिलं. मेळ पुष्कळ ठिकाणी बसला नाही. फोन केलेला नाही पण लघवीत औषध आहे, असे बरेच निघाले. फोन केलाय पण औषध नाही, असेही काही निघाले. पहिल्या प्रकारामुळे कर्मचाऱ्याची फेरी फुकट जाते. दुसऱ्या प्रकारात ज्याला खरी गरज आहे तो हिरव्या रंगाखाली झाकला जातो.

गोळी घेऊनही माणूस फोन का करत नाही, याची कारणं कुठल्याही चाळीत सापडतील. घरात फोन एकच, तो नवऱ्याबरोबर कामावर जातो आणि बायको गोळी दुपारी जेवणानंतर घेते. सिम बदललं आणि केंद्रावर सांगायचं राहिलं. रेंज नाही. नंबरातला एक आकडा चुकला. रात्रपाळी करून आलेला माणूस गोळी घेऊन आडवा झाला. आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे कंटाळा. पहिल्या महिन्यात उत्साहाने येणारे फोन पुढे कमी कमी होत जातात. गोळी घेण्याचं कष्ट होतंच, त्यात गोळी घेतल्याचं कळवण्याचं दुसरं कष्ट आलं.

एचआयव्ही असलेल्यांची अडचण वेगळी. पट्टीवर वेष्टन असलं की 'हे काय नवीन?' हा प्रश्न घरात येतो. फोन चुकला म्हणून आलेला आठवणीचा एसएमएस घरातल्या सामाईक फोनवर कुणीही वाचतो. एवढ्याने उघडकीला येणारी गोष्ट लहान नसते.

कर्मचाऱ्याला हाताने चौकोन हिरवा करायची सोयही आहे. "काल घेतली का दादा?" असं फोनवर विचारलं, "घेतली" म्हणाले, केला हिरवा. सोय रास्त आहे, कारण वरची सगळी कारणं खरी आहेत. पण आढावा बैठकीत टक्केवारी विचारली जाऊ लागली की ही सोय कुठे वळते ते सांगायला नको. ताईंच्या कार्डावरची खूण आता पडद्यावर आली. फरक इतकाच की कोणता चौकोन रुग्णाने रंगवला आणि कोणता कर्मचाऱ्याने, हे वेगळं दिसतं. रचनाकारांनी ही खूणगाठ आधीच बांधून ठेवली, त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

युगांडात काय बदललं

हीच कल्पना युगांडात नेताना तिथल्या गटाने रुग्ण आणि परिचारिका यांच्याबरोबर बसून दोन गोष्टी बदलल्या. वेष्टनाचं बाहेरचं रूप औषधासारखं दिसू नये अशी काळजी घेतली. आणि फोन लावला की पलीकडे आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आवाजातले छोटे, आलटून-पालटून येणारे निरोप ठेवले: गोळी का सोडायची नाही, त्रास झाला तर काय करायचं, शाबास, चालू ठेवा.

दुसरा बदल मला फार मोलाचा वाटतो. भारतातल्या रचनेत रुग्ण फोन करतो तो कुणाला तरी हिशेब द्यायला. युगांडातल्या रुग्णाला फोनच्या बदल्यात काहीतरी परत मिळतं. तिथल्या १८ आरोग्य केंद्रांवर याची रीतसर चाचणी झाली, निकाल २०२१ मध्ये आले. सगळे रुग्ण धरले तर उपचार यशस्वी होण्यात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही, कारण निम्म्याच्या आसपास रुग्णांनाच प्रत्यक्षात ९९डॉट्सवर घेतलं गेलं होतं. ज्यांना घेतलं त्यांचे निकाल चांगले होते. या दुसऱ्या वाक्यावर फार भिस्त ठेवू नये. कुणाला घ्यायचं हे केंद्रंच ठरवत होती, आणि फोन असलेला, ऐकून घेणारा रुग्ण आधी निवडला जाणार हे उघड आहे.

मला काय वाटतं

पाकिटावरच्या झापडेचं कौतुक करून थांबणं सोपं आहे, आणि लघवीच्या तपासणीकडे बोट दाखवून ते मोडीत काढणंही. दोन्हींत एक गोष्ट निसटते. या कल्पनेने रुग्णाला केंद्रावरच्या रांगेतून सोडवलं, तेही त्याच्यावर पाळत ठेवणारं महागडं यंत्र घरात न आणता. गोदामातल्या त्या माणसाचा अर्धा दिवस वाचला, तो मोजला जात नाही म्हणून कमी महत्त्वाचा ठरत नाही. नोंद किती अचूक, यावर निबंधांमागून निबंध निघाले. वाचलेल्या दिवसांवर त्या मानाने फार थोडं लिहिलं गेलं.

गडबड झाली ती फोनच्या नोंदीला मोजमापाचा दर्जा दिल्यावर. 'आज फोन नाही आला, काय झालं असेल?' या विचारपुशीला ती नोंद पुरेशी आहे. 'हा रुग्ण औषध घेत नाही' असा निवाडा द्यायला अपुरी. आणि विचारपूस करायला माणूस लागतो. ज्या क्षयरोग कर्मचाऱ्याकडे आधीच दुप्पट वॉर्ड आहे त्याला लाल यादी देऊन काय होणार? त्या यादीचा त्याला फक्त त्रास होतो.

तंत्राने ज्या कारणांना हात लावलाच नाही तीही मोठी आहेत. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाला महिन्याला ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. उपाशीपोटी या गोळ्यांनी पोट ढवळून निघतं हे ज्याने बघितलंय, त्याला ही रक्कम वेष्टनाइतकीच औषधयोजनेचा भाग वाटेल. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये तर राज्याराज्यांतून गोळ्यांच्याच तुटवड्याच्या बातम्या येत होत्या. केंद्रावर गोळीच नसेल तेव्हा कॅलेंडरवरचा लाल चौकोन कुणाच्या नावावर मांडायचा?

आज महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्यात हे नव्याने लावायचं झालं, तर नोंदणीच्या वेळी तीन गोष्टी विचाराव्यात असं मला वाटतं: फोन कुणाचा, तो दिवसभर कुणाजवळ असतो, आणि त्यावर टीबीचा एसएमएस आलेला चालेल का. तिसऱ्या प्रश्नाला "नको" असं उत्तर आलं तर एसएमएस बंद करता यायला हवेत, तेही वरच्या कार्यालयाची परवानगी न काढता. आणि लागोपाठ दोन दिवस फोन आला नाही तर कोणत्या आशाताईने त्या घरी जायचं, त्या फेरीचा मोबदला तिला कोणत्या खात्यातून मिळायचा, हे वेष्टनं छापायला टाकण्याच्या आधी लेखी ठरलेलं असावं.